मध्ययुगीन मेजवानीचा प्रयोग: वहीतल्या नोंदी

न्यू जर्सीतल्या आमच्या हौशी नाट्यमंडळीत निम्मे मराठी आणि निम्मे इतर. तालमीच्या जागेचं छप्पर गळतंय, त्याला पैसे हवेत, म्हणून जेवणासकट नाटक करायचं ठरलं. निर्मिती आणि रंगमंच व्यवस्था माझ्याकडे होती. नंतर दोन-तीन मंडळांनी विचारलं, म्हणून वहीतल्या नोंदी थोड्या साफसूफ करून देते आहे. दोन प्रयोग झाले. आकडे डॉलरमध्ये आहेत.

१८ ऑगस्ट २०२४

विषय पक्का: चौदाव्या शतकाच्या शेवटचं इंग्लंड, दुसऱ्या रिचर्डचा काळ, एका उमरावाच्या घरची मेजवानी. दोन नाइट (चिलखतातले सरदार), एक विदूषक, चोरीला गेलेली अंगठी आणि तिच्यापायी तलवारबाजी. नाटक इंग्रजीत, सव्वा तासाचं. जेवण धरून अडीच तास.

हा धंदा मोठ्या प्रमाणावर कसा चालतो ते बघायला आम्ही चौघं लिंडहर्स्टच्या मेडिव्हल टाइम्समध्ये (जेवण आणि नाइटांच्या लढाया एकत्र विकणारी साखळी) जाऊन आलो. मूळ कल्पना स्पेनमधली. अमेरिकेतला त्यांचा पहिला किल्ला १९८३ साली फ्लोरिडात किसिमीला उघडला. घोडे, रेतीचं रिंगण, सहा रंगांचे सहा नाइट. ज्या रंगाच्या भागात बसाल त्या रंगाच्या नाइटसाठी ओरडायचं. जेवण हाताने. सूप टोमॅटोचं, शिवाय बटाटा आणि मका. तिन्ही गोष्टी युरोपात पोचल्या त्या १४९२ नंतर, पण तिथे कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं आणि पोरं खूश होती.

घोडे आपल्या आवाक्यातले नाहीत. रंग, हाताने जेवण आणि वाढणारी माणसंच नाटकातली पात्रं, या तीन गोष्टींना मात्र पैसे पडत नाहीत. त्या उचलल्या.

२५ ऑगस्ट

हॉल पाहिला. हॉलवाल्याची नेहमीची मांडणी गोल टेबलांची. एका टेबलाभोवती आठ जण बसले की त्यातल्या चौघांची पाठ नटांकडे. लग्नाला चालतं, आपल्याला नाही.

मधोमध लांब वाट ठेवून तिच्या दोन्ही बाजूंना लांब टेबलं वाटेला समांतर लावून पाहिली. वाटेलगतच्या खुर्च्यांची पुन्हा पाठच. शेवटी टेबलं वाटेला काटकोनात लावली, दोन्ही बाजूंना सात-सात, वाटेकडच्या टोकाला खुर्ची नाही. आता प्रत्येकाला फक्त मान वळवायची आहे. दोन टेबलांमध्ये बोळ पडतो, तो वाढायला उपयोगी. आठ फुटी टेबलावर आठ जण, म्हणजे ११२ पानं. तिकीट ७५.

१५ सप्टेंबर

गणपतीत तालमी जवळजवळ बंद. निम्मे नट आरतीला, उरलेले मोदकांना.

लढाई बसवायला रीतसर शिकलेला माणूस हवा यावर वाद झाला. 'आपल्याकडे लेझीम आणि दांडपट्टा येणारी पोरं आहेत' हा मुद्दा दोनदा आला. विमेवाल्याने वाद मिटवला. त्याच्या फॉर्मवर 'रंगमंचावरील शस्त्रे' असा रकाना होता आणि लढाई कोण बसवणार, त्याचं प्रशिक्षण काय, हे लिहिल्याशिवाय पॉलिसी मिळत नव्हती. पॉलिसी ६९०, लढाई बसवणारे गुरुजी १,५००. (त्यांना पहिल्या दिवसापासून सगळे गुरुजीच म्हणतात. अर्थ कळल्यावर तेही खूश झाले.)

२९ सप्टेंबर

स्वयंपाकाची चाचणी. जेवण परवानाधारक केटररकडूनच घ्यायचं, ही हॉलची अट. त्याच्याकडे हा मेनू कधी झालेला नव्हता, त्यामुळे पाककृती आमच्या आणि हात त्याचे. स्वयंपाकघराची बाजू आमच्या एका काकूंकडे दिली. मंडळाच्या गणपतीचा महाप्रसाद वर्षानुवर्षं त्याच सांभाळतात.

दुसऱ्या रिचर्डच्या मुदपाकखान्यातल्या पाककृती साधारण १३९० साली लिहून ठेवलेल्या आहेत. त्या वाचल्यावर काकू म्हणाल्या, "अगं, हे तर आपल्याच डब्यातलं आहे." सुंठ, दालचिनी, लवंग, जायपत्री, मिरी, केशर. मिरची अर्थातच नाही, आणि तीच चिमूटभर टाकायचा मोह काकूंना शेवटपर्यंत आवरत नव्हता. गव्हाचा भरडा दुधात शिजवून केशर घातलेली फ्रुमेंटी पहिल्याच फटक्यात जमली. लापशी येणाऱ्या घरात ती न जमायला काही कारणच नव्हतं.

फसलं ते ताट. त्या काळी शिळ्या पावाची जाड चकती हेच ताट असायचं, त्याला ट्रेंचर म्हणत. दुकानातला मऊ पाव कापून त्यावर कोंबडीचा रस्सा घातला, आणि पाच मिनिटांत पाव विरघळून रस्सा टेबलक्लॉथवर. दुसऱ्या वेळी चोकरयुक्त कणकेचा घट्ट पाव तीन दिवस आधी भाजून घेतला, इंचभर जाडीच्या चकत्या केल्या आणि त्या ओव्हनमध्ये मंद आचेवर सुकवल्या. जेवण संपेपर्यंत टिकला. तरी खाली कागदी पत्रावळ ठेवायचीच असं ठरलं, कारण टेबलक्लॉथ भाड्याचे आहेत.

दुसरी अडचण बदामाची. उपासाच्या दिवशी दूध चालत नसे, म्हणून त्या काळच्या स्वयंपाकात बदामाचं दूध जिथे तिथे. आमच्या प्रेक्षकांत सुक्यामेव्याची ॲलर्जी असणारी मुलं नक्की येणार. त्यामुळे बदाम फक्त एका पदार्थात, तो वेगळ्या डावाने आणि सगळ्यात शेवटी वाढायचा, आणि तिकीट घेतानाच ॲलर्जी विचारायची.

अंतिम मेनू: वाटाण्याचं दाट सूप, सुंठ-दालचिनीच्या रश्शातली अर्धी कोंबडी, शाकाहाऱ्यांना मश्रूमची पेस्ट्री, फ्रुमेंटी, द्राक्षाच्या मसालेदार रसात शिजवलेलं पेअर, वरून बदामाची साय. पानाला २८.

६ ऑक्टोबर

गुरुजींचा पहिला दिवस. तलवारी हातात दिल्याच नाहीत. दोन्ही नाइटना समोरासमोर उभं करून नुसतं अंतर आणि नजर. वार करणाऱ्याने आधी डोळ्यांत बघायचं, समोरच्याने मान हलवली की मगच हात उचलायचा. मार खाणारा तयार नसेल तर वार नाही. आमच्या तांबड्या नाइटला, जो ऑफिसात डेटाबेस सांभाळतो, हे फार सावकाश वाटत होतं. गुरुजींनी त्याला तासभर सावकाशच ठेवलं.

मग गुरुजींनी टेप काढून वाट मोजली. तलवारीचं टोक आणि पहिला प्रेक्षक यांच्यात ते दहा फूट मागतात, वार कधीही प्रेक्षकांच्या दिशेने सुटता कामा नये म्हणतात, आणि त्यावर चर्चा करत नाहीत. प्रत्येक बाजूचं एक टेबल काढावं लागलं. ११२ ची ९६ पानं झाली. दोन रात्रींचे मिळून २,४०० उत्पन्नातून गेले. गुरुजींना ऑगस्टमध्ये हॉल दाखवला असता तर तिकिटाचा दर त्या हिशेबाने लावला असता. एव्हाना ७५ ची जाहिरात झालेली होती.

तलवारी: कुणाकडून तरी उसन्या आणलेल्या दोन ॲल्युमिनियमच्या होत्या, दोन पोलादी विकत घेतल्या. पोलाद ॲल्युमिनियमवर आपटलं की ॲल्युमिनियमला खाचा पडतात आणि खाचेच्या कडेला ब्लेडसारखी धारदार किनार निघते. एका तालमीत निळ्या नाइटचा हातमोजा फाटला. उसन्या परत केल्या, आणखी दोन पोलादी घेतल्या. चारांचे ९२०. धार नाहीच, टोक गोल, तरीही प्रत्येक तालमीनंतर पात्यावरून चिंधी फिरवून बघायची. चिंधी अडकली की तिथे कानस.

२० ऑक्टोबर

वाढण्याची पहिली चाचणी, ४८ पानं. केटररची चार माणसं स्वयंपाकघरात पान भरून बाहेर आणत होती. शेवटच्या टेबलाला कोंबडी मिळेपर्यंत २६ मिनिटं गेली. पहिल्या टेबलाची हाडं उरली होती आणि शेवटचं टेबल विदूषकाकडे रागाने बघत होतं. विदूषकाचा प्रवेश चार मिनिटांचा. त्याने तो तीनदा केला.

बुफेचा विषय निघाला. ९६ माणसं ओळीत उभी राहिली की नाटक संपलंच.

२२ ऑक्टोबर

अग्निशमन निरीक्षक येऊन गेले. खऱ्या मेणबत्त्या नाहीत. गवताच्या पेंढ्या अजिबात नाहीत. पताका आणि पडद्यांना ज्वालारोधक असल्याचं प्रमाणपत्र हवं. आम्ही कापड दुकानातून वारावर आणून शिवलेलं, प्रमाणपत्र कुठलं? प्रमाणपत्राचं कापड नव्याने मागवलं आणि जुन्या कापडाचे नोकरांचे अंगरखे केले. बॅटरीच्या मेणबत्त्या लांबून बऱ्या दिसतात, जवळून देवघरातल्या चिनी दिव्यांसारख्या.

२७ ऑक्टोबर

आज काम मार्गी लागलं.

काकूंनी केटररला बाजूला घेऊन विचारलं की पानं आत का भरता. मग त्यांनी मंडळातले बारा जुने वाढपी बोलावले, टेबलांमधल्या बोळांतून उभे केले आणि सरळ पंगत वाढायला लावली. पाव आणि पत्रावळ आधीच मांडलेली. एकाच्या हातात सुपाची बादली आणि डाव, त्याच्या मागे कोंबडीवाला, त्याच्या मागे रश्शावाला. बोळात एका टोकाने शिरायचं, दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचं, मागे वळायचं नाही. ९६ पानांच्या मांडणीवर, रिकाम्या खुर्च्या धरून, ११ मिनिटं.

केटररचा आक्षेप तापमानाचा होता आणि तो रास्त होता. गरम पदार्थ १३५ अंश फॅरनहाइटच्या खाली उतरता कामा नये. पितळी बादल्या दिसायला झकास, पण त्यांच्यात सूप पटकन निवतं. म्हणून बाहेरून पितळी आणि आत झाकणाचा स्टीलचा डबा. प्रत्येक फेरीआधी थर्मामीटर, हातमोजे सगळ्यांना. मोजे मध्ययुगीन दिसत नाहीत, पण ते गेले तर परवानाही जाईल.

यानंतर संहिता फिरली. लेखकाने प्रवेश लिहिले होते आणि त्यांच्या मध्ये जेवण बसवलं होतं. आता आधी स्वयंपाकघराचं वेळापत्रक फळ्यावर लिहिलं: सूप ७:२५, कोंबडी ७:५५, पेअर ८:४०. मग मधल्या मोकळ्या पट्ट्यांत प्रवेश बसवले. वाढताना एकही महत्त्वाचं वाक्य नाही, फक्त गाणं आणि विदूषक. कारण ९६ माणसं जेवायला लागली की चार माइक असूनही शब्द ऐकू येत नाही. लेखक दोन दिवस बोलला नाही. दिवाळीच्या फराळाला आला तेव्हा नवी प्रत घेऊनच आला, आणि ती आधीपेक्षा आटोपशीर होती.

जाता जाता: कवी जॉफ्री चॉसर १३९० साली राजाच्या बांधकामांचा कारकून होता आणि लंडनमधल्या स्मिथफिल्डला होणाऱ्या नाइटांच्या सामन्यांसाठी प्रेक्षकांचे माचे उभारायचं काम त्याच्याकडे होतं. त्याच वर्षी सप्टेंबरात त्याला सरकारी पैशासकट वाटेत लुटलं. भाड्याच्या खुर्च्यांचं बिल बघताना त्याची आठवण झाली.

१० नोव्हेंबर

रंगीत तालीम, खऱ्या जेवणासह. शेवटचं द्वंद्व कोंबडीनंतर होतं. हाताने जेवणाऱ्यांच्या बोटांवरून, वाढप्यांच्या डावातून रश्श्याचे थेंब वाटेवर पडलेच. तिसऱ्या वाराला तांबडा नाइट घसरला. लागलं नाही, कारण पडण्याआधी त्याने तलवार खाली टाकली होती. गुरुजींनी पहिल्या दिवसापासून तेवढंच घोकून घेतलं होतं.

पर्याय दोन. द्वंद्व कोंबडीच्या आधी घेतलं तर शेवट पेअरवर, म्हणजे अळणी. कोंबडीनंतर ठेवलं तर फरशी पुसायला हवी. विदूषक म्हणाला, पुसूया की, प्रेक्षकांसमोरच पुसूया. दोन नोकर झाडू-पोछा घेऊन येतात, एक तांबड्यांचा, एक निळ्यांचा, आणि कुणाची बाजू जास्त चकचकीत यावरून भांडतात. गुरुजींनी अट घातली की शेवटी कोरडं फडकं फिरलं पाहिजे आणि त्यांनी स्वतः बूट घासून बघितल्यावरच नाइट आत येतील. त्यांनाही अंगरखा घातला. तपासणीचा राजअधिकारी.

हात धुण्याचं नाट्यही आजच आवरलं. त्या काळी मेजवानीआधी नोकर सुरई आणि तस्त घेऊन पाहुण्यांच्या हातावर पाणी घालत. घराघरांतून पितळी तांब्या-तस्तं आणली, पाण्यात संत्र्याची साल आणि गुलाबपाणी. दिसलं सुरेख, पण १८ मिनिटं खाल्ली आणि तस्त भरून एकीच्या मांडीवर सांडलं. आता हे फक्त उमरावाच्या मुख्य टेबलापुरतं. बाकीच्यांना त्याच पाण्यात भिजवून पिळलेले गरम रुमाल, सुरुवातीला आणि कोंबडीनंतर.

लोखंडी जाळीचं चिलखत परवडत नव्हतं. एका मावशींनी जाड सुतळीसारख्या दोऱ्याने क्रोशावर विणून दिलं, वर काळा आणि त्यावर रुपेरी रंग फवारला. दिव्याखाली पहिल्या रांगेलाही कळलं नाही. वजन काहीच नाही, त्यामुळे नाइट त्यात नको तेवढे उड्या मारतात.

१५ नोव्हेंबर, पहिला प्रयोग

७९ प्रेक्षक. केटररला हमी ९० पानांची दिली होती, ११ पानांचे पैसे बुडाले.

प्रयोगाआधीची लढाईची उजळणी वेशभूषेसह, आधी निम्म्या वेगाने, मग पूर्ण वेगाने. ही एकदाही टाळायची नाही.

सूप चार मिनिटं उशिरा. गाणाऱ्या बाईंनी एक कडवं पुन्हा घेतलं, कुणाच्या लक्षात आलं नाही. रंगांचा घोळ मात्र झाला. एकाच कुटुंबाची तिकिटं दोन वेळा काढलेली, त्यामुळे आजोबा तांबड्यांत आणि नातवंडं निळ्यांत. आजोबा खुर्ची उचलून निळ्यांकडे निघाले तेव्हा वाटेत वाढप होतं. उद्यासाठी दारावरच रंग बदलून द्यायची सोय केली.

झाडूवाल्यांना सगळ्यात जास्त हशा. लेखकाचा चेहरा बघण्यासारखा.

मराठी प्रेक्षक हाताने जेवायला लागलीच सरावले. अमेरिकन प्रेक्षकांना गंमत वाटली, पण रश्श्याशी काय करायचं ते सुचेना. वाढप्यांना सांगून ठेवलं की पाव मोडून बुडवून दाखवा. ते दाखवलंच, शिवाय 'अजून घ्या, अजून घ्या' असा आग्रहही सुरू केला. कोंबडी मोजून होती. आग्रह फक्त सुपाचा करायचा, अशी सक्त ताकीद दिली.

प्रयोगानंतर एक इतिहासाचे प्राध्यापक भेटले. म्हणाले, सगळं छान, पण शुक्रवार आणि शनिवार हे तर मांसवर्ज्य दिवस होते, उमरावाच्या घरी कोंबडी कशी? दोन्ही प्रयोग नेमके त्याच दोन वारी. शनिवारी विदूषकाच्या तोंडी वाक्य घातलं: धर्मगुरूंना पान दिलंय, त्यांनी ती कोंबडी मासा म्हणून जाहीर केली आहे.

१६ नोव्हेंबर, दुसरा प्रयोग

९६, हाऊसफुल. सूप वेळेवर, द्वंद्व कोरड्या फरशीवर. लिहिण्यासारखं बिघडलं काही नाही. नट आणि वाढप्यांना दोन्ही रात्री घरून आणलेली खिचडी. कोंबडीचा वास दोन तास घेतल्यावर ती फारशी कुणाला आवडली नाही.

२४ नोव्हेंबर, हिशेब

तिकिटं १७५, जमा १३,१२५.

खर्चात सगळ्यात मोठं जेवण, १८६ पानांचे ५,२०८. हॉल दोन रात्री आणि तयारीचा एक दिवस, ४,२००. गुरुजी १,५००, कपडे, पडदे आणि पताका १,३५०, तलवारी ९२०, दिवे आणि ध्वनी भाड्याने ८००, विमा ६९०, परवाने आणि किरकोळ ५५०. बेरीज १५,२१८. तोटा २,०९३. वर हॉलवाल्याने अनामतीतून १२० कापले, कारण ट्रेंचरचे तुकडे धुताना सिंकमध्ये गेले आणि नळी तुंबली. ते तुकडे सुके असतानाच वेगळ्या पिशवीत भरायचे.

छपराला एक डॉलरही मिळाला नाही. तलवारी, कपडे आणि पडदे मिळून २,२७० चा माल हातात आहे, म्हणून समितीने पुढच्या वर्षीसाठी होकार दिला. तिकीट ८५ आणि दोनऐवजी तीन रात्री. केटररला हमीचा आकडा प्रयोगाआधी पाच दिवस नको, तीन दिवस आधी देता यावा, यावर बोलणी चालू आहेत.

तलवारी तेल लावून एकाच्या गॅरेजमध्ये गणपतीच्या मखराशेजारी ठेवल्या आहेत. कुठल्या मंडळाला हव्या असतील तर भाड्याने देऊ. आधी लढाई बसवणारा माणूस कोण ते कळवा.